अँबॅसिडर मार्क ३ : दोन आणि तीनची मिसिंग

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे गेले, अंगण मोकळं झालं, तसं मामांच्या अँबॅसिडरचं काम हातात घेतलं. मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसी. गडहिंग्लजच्या शेडमध्ये बरीच वर्षं पोत्यांखाली उभी होती. टो करून कोल्हापूरला आणली. टाकी धुतली, पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकले, ऑइल बदललं, बॅटरी नवी घेतली. एवढ्यावर गाडी सुरू झाली.

सुरू झाली खरी, पण ताकद नाही. पहिल्या गिअरमध्ये अंगणाचा उंबरठा चढताना बंद पडते. सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास. आयडलिंगला आवाज धप्‌, धप्‌, धप्‌, खोल आणि संथ, जुन्या बुलेटसारखा. गल्लीतल्या प्रत्येकाने तो ऐकला आणि प्रत्येकाने निदान केलं. एकाचं मत टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ; दुसऱ्याचं कार्ब्युरेटर. तिसरा म्हणाला, पॉइंट-कंडेन्सर नवा टाक आणि मोकळा हो.

अण्णा दोन घरं सोडून राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त. ते फाटकापाशी येऊन उभे राहिले.

"काय रं, मिसिंग हाय न्हवं?"

"हो अण्णा."

"ते मला घरात बसून कळलं. कुठलं कुठलं मरतंय?"

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. कुठल्या सिलिंडरमध्ये, ते मी अजून बघितलं नव्हतं. उद्याचं काम तेच.

एक गोष्ट मात्र आजच ठरवून टाकली. मोजल्याशिवाय एकही नवा पार्ट घालायचा नाही. जुन्या गाड्यांसाठी आज जे कंडेन्सर आणि रोटर मिळतात, त्यातले कित्येक नव्या डबीतूनच खराब निघतात. जुना दोष तसाच आणि वर नवा दोष, असं झालं की माणूस महिनाभर गोल फिरत राहतो.

बाकी या गाडीचं नशीब म्हणजे तिचं मूळ पेट्रोल इंजिन शाबूत आहे. आमच्याकडच्या बहुतेक अँबॅसिडरमध्ये कधी ना कधी डिझेल इंजिन बसलं. मामांनी ते करू दिलं नाही. हे बीएमसीचं बी-सिरीज इंजिन. याच १४८९ सीसीमध्ये ते विलायतेत एमजीए नावाच्या दोन सीटच्या स्पोर्ट गाडीत होतं. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आमचीच का पळत नव्हती?"

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी गाडी गरम केली आणि एकेका प्लगची वायर काढून बघितली. हाताला शॉक बसू नये म्हणून लाकडी चिमटा वापरला. एक नंबरची वायर काढली, इंजिन बसायला आलं. चार नंबरची काढली, तसंच. दोनची काढली, काही फरक नाही. तीनची काढली, काही फरक नाही. म्हणजे दोन आणि तीन मेलेले आहेत आणि गाडी एक आणि चारवर चालली आहे. रेस केल्यावर मधले दोन अधूनमधून पकडतात, पण टिकत नाहीत.

त्या संथ धपधपीचाही उलगडा झाला. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. यातून ३ आणि २ काढले की उरतात १ आणि ४, आणि त्या दोघांमध्ये इंजिनाचा बरोबर एक फेरा असतो. त्यामुळे ठोके अर्धे पडतात, पण समान अंतराने पडतात. एखादाच सिलिंडर मेला असता तर इंजिन लंगडलं असतं आणि ते कोणालाही ऐकू आलं असतं. इथे लंगडत नाही, म्हणून कोणी टायमिंगकडे, कोणी कार्ब्युरेटरकडे बोट दाखवत होतं.

आता खरा प्रश्न असा की बरोबर दोन आणि तीनच का? वहीत बराच वेळ आकृत्या काढत बसलो. त्यातून जे निघालं ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं काम यावर चालणार आहे.

या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणात, चार सिलिंडरना चार इनलेट पोर्ट (मिश्रण आत येण्याच्या वाटा) नाहीत, दोनच आहेत. एक आणि दोन मिळून एका पोर्टातून ओढतात, तीन आणि चार मिळून दुसऱ्या. धूर बाहेर जाण्याचे एक्झॉस्ट तीन: एकचा स्वतंत्र, चारचा स्वतंत्र, मधल्या दोघांचा सामाईक. त्यामुळे इनलेटच्या पॅकिंगमधून हवा शिरत असेल तर जोडी मरेल ती एक-दोन किंवा तीन-चार. दोन-तीन नाही.

आता प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप घ्या, ज्याला जुने मेकॅनिक डेल्को म्हणतात त्याची. कॅपमध्ये शेजार फायरिंग ऑर्डरचा असतो. एकशेजारी तीन, तीनशेजारी चार, चारशेजारी दोन, दोनशेजारी परत एक. कॅपला तडा जाऊन ठिणगी शेजारच्या खांबावर पळत असेल तर या चारपैकी एखादी जोडी बिघडेल. दोन आणि तीन कॅपमध्ये समोरासमोर आहेत, शेजारी नाहीत.

म्हणजे ब्लॉकमध्ये शेजारी आणि कॅपमध्ये समोरासमोर, अशी ही जोडी. हिला कारणं दोनच सुचतात. एक म्हणजे कोणीतरी दोन आणि तीनच्या वायरी उलटसुलट लावल्या आहेत. तसं केलं की दोघांनाही ठिणगी पूर्ण एक फेरा चुकीच्या वेळी मिळते आणि दोघं एकदम जातात. दुसरं म्हणजे हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद करणारी हेड पॅकिंग दोन आणि तीनच्या मध्ये फुटली आहे.

वायरी तपासल्या. या इंजिनात रोटर, म्हणजे कॅपच्या आत फिरून ठिणगी वाटणारा हात, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. कॅप काढून, हँडलने इंजिन फिरवून, एक नंबर कॉम्प्रेशनला वर आणून रोटर कुठे बघतो ते पाहिलं आणि तिथून उलट्या दिशेने १-३-४-२ मोजलं. वायरी बरोबर आहेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

हेड पॅकिंगचा संशय असला तरी थेट हेडला हात घालायचा नाही. आधी इग्निशन स्वच्छ करून घेतलं, म्हणजे पुढे शंका राहणार नाही.

चारही प्लग काढले. एक आणि चार तपकिरी, थोडे काळपट. दोन आणि तीन पेट्रोलने ओले. एकचा प्लग दोनमध्ये आणि दोनचा एकमध्ये घालून बघितलं. मिसिंग दोनमध्येच राहिली, प्लगबरोबर सरकली नाही. वायरींची अदलाबदल केली, तरी तेच. दोन आणि तीनच्या वायरीला सुटा प्लग लावून ब्लॉकवर टेकवला, ठिणगी निळी आणि कडक. इग्निशनची बाजू इथेच जवळजवळ सुटली.

तरी डिस्ट्रिब्युटर उघडलाच होता म्हणून पुढे गेलो. पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारा स्विच. त्याच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा. गॅप आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), हवा पंधरा. गॅप कमी असला की पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडतं, म्हणजे टायमिंग म्हणणाराही पूर्ण चुकला नव्हता. पॉइंट ऑइल-स्टोनवर घासून सपाट केले, गॅप पंधरा थाऊ लावला, प्लगचे पंचवीस. मग पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या काट्यापाशी आणून, बल्ब लावून टायमिंग बसवलं. शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला, किंचित प्ले आहे, चालण्यासारखा. कंडेन्सर जुनाच ठेवला. पॉइंटवर निळी मोठी ठिणगी उडत नाही, म्हणजे तो काम करतोय.

गाडी आता एक आणि चारवर जास्त जोमाने चालते. दोन-तीन जिथल्या तिथे.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आलो आणि दुपारी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं.

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग खोटं येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही.

एक : १२८ पाउंड (दर चौरस इंचाला). दोन : ६२. तीन : ५५. चार : १२४.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं. एक आणि चार दहाएक पाउंडांनी वर गेले. दोन आणि तीन जवळजवळ हललेच नाहीत. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने तात्पुरती फट बुजून रीडिंग चढलं असतं. गळती रिंगांतून नाही, वरून आहे.

शेवटची खात्री हवेने केली. पंक्चरवाल्याकडे टायरचा व्हॉल्व्ह आणि एक जुना प्लग नेला. प्लगमधली पांढरी चिनी माती फोडून काढली आणि त्या कडीवर टायरचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घेतला. ही वस्तू प्रत्येकाने एकदा करून ठेवावी, पुढे जन्मभर उपयोगी पडते. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. नाहीतर हवा सोडताच इंजिन फिरतं आणि हँडल लावलेलं राहिलं असेल तर मनगट जातं. हवा सोडली. तीनच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवलं तर बोट ढकललं जात होतं.

अण्णांनीही बोट ठेवून बघितलं. "शेजाऱ्याच्या घरात धूर चाललाय," म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

मग उलटं केलं. तीन कॉम्प्रेशनला वर, हवा तीनमध्ये. दोनच्या भोकातून हवा आली, पण सायलेन्सरच्या तोंडाशीही मघापेक्षा मोठा फुसफुस आवाज होता. दोन आणि तीनचे पिस्टन एकाच वेळी वर असतात. एक कॉम्प्रेशनला असतो तेव्हा दुसऱ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, त्यामुळे फुटलेल्या पॅकिंगमधून गेलेली हवा तिथून पुढे सायलेन्सरमध्ये जाऊ शकते. पण मग दोन्ही वेळा आवाज सारखा यायला हवा होता. तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय लिहून ठेवला.

रविवार, २४ नोव्हेंबर

हेड काढलं.

या इंजिनात रॉकरचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचे, काही नट आणि हेडचे काही नट एकच आहेत. रॉकर शाफ्टच्या खांबांमधून हेडचे स्टड वर येतात. त्यामुळे "टॅपेटचं जरा काम आहे" म्हणून नुसता रॉकर सोडवला तरी हेडवरचा दाब जातो आणि पाणी पॅकिंगमधून खाली उतरतं. आधी रेडिएटर आणि ब्लॉकचं पाणी काढायचं, मग नट सगळीकडून थोडे थोडे सैल करायचे. पुशरॉड एका पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून त्यात उभे केले. ते जिथून निघाले तिथेच परत गेले पाहिजेत.

हेड चिकटून बसलं होतं. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो, आणि तसे जुने घाव या ब्लॉकवर आहेतच. ते न करता प्लग परत लावले आणि स्टार्टर दिला. रॉकर काढलेला, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद. पिस्टनच्या दाबानेच हेड सुटलं.

पॅकिंग दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळून गेलेली. तांब्याचा पत्रा काळा, मधलं भरणं उडालेलं, करंगळीचं टोक जाईल एवढी वाट. त्या पट्टीच्या एका बाजूला दोनचा स्फोट, दुसऱ्या बाजूला तीनचा, आणि वर दोघांचा सामाईक एक्झॉस्ट. सगळ्या इंजिनातली तापलेली जागा ती.

हेडचं तोंड पहिल्यांदाच बघत होतो. चेंबर बदामाच्या पत्त्यासारखा, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये आत घुसलेली चोच. ही रचना हॅरी वेस्लेक या इंग्रज इंजिनिअरची. चोचीमुळे आत येणारं मिश्रण एका बाजूने फिरत जातं आणि नीट पेटतं. काजळी खरवडल्यावर ती चोच इतकी सुंदर दिसली की थोडा वेळ काम थांबलं.

मग मापं. स्ट्रेट-एज आडवी, उभी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवून फीलर गेज घातलं. हेड मध्यभागी पाच थाऊ उचललेलं. ब्लॉक दोन थाऊच्या आत. पण ब्लॉकवर स्टडच्या भोकांभोवती लोखंड बारीक कड्यासारखं वर ओढलं गेलं आहे, नखाला लागतं. कोणीतरी कधीतरी नट जोर लावून आवळले आहेत. अशी कडा असली की नट घट्ट लागतो, पण त्याचा जोर कडेवरच संपतो आणि पॅकिंगला मिळत नाही. नवी पॅकिंग तशीच घातली असती तर वर्षभरात हेच झालं असतं. नुसती पॅकिंग बदलून गाडी देणारे या पायरीवर घाई करतात.

हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरलं. तीन चेंबर तसेच राहिले. तीन नंबरचं रॉकेल बघता बघता एक्झॉस्ट पोर्टातून बाहेर आलं. पुढून मोजला तर पाचवा व्हॉल्व्ह. काढला, तर एका बाजूने कड खाल्लेली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

हेड घेऊन उद्यमनगर. ऑइल इंजिनांच्या जोरावर उभी राहिलेली ही वसाहत. ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग, जे हवं ते दोन गल्ल्यांत मिळतं. पुण्या-मुंबईचे जुन्या गाड्यांचे हौशी लोक हेड कुरिअरने पाठवतात आणि महिना महिना वाट बघतात, ते ऐकलं की आपण कुठे राहतो याचं बरं वाटतं.

फेस, म्हणजे हेडचं तोंड तासून सपाट करणं, किती मारायचा यावर थोडी चर्चा झाली. कारागीर म्हणाला, "वीस थाऊ मारतो, कॉम्प्रेशन वाढंल, गाडी पळंल." नको म्हटलं. सपाट होईल तेवढंच. आठ थाऊवर हेड साफ झालं. पुढच्या वेळी कोणाला तरी परत फेस मारावा लागेल, त्याच्यासाठी लोखंड शिल्लक राहायला हवं.

पाचव्या व्हॉल्व्हसाठी नवा घेतला, सीट कापून घेतली. तिथे दुसरा प्रश्न निघाला. या हेडमध्ये वेगळ्या सीट बसवलेल्या नाहीत, हेडच्याच लोखंडात कापलेल्या आहेत. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सीटवर पातळ थर धरायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून अशा हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो, रुतला की टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, कमी होतो, गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. पाचव्याची कथा बहुधा हीच, कारण उघडताना त्याचा गॅप जवळजवळ शून्य होता.

कडक लोखंडाच्या सीट बसवाव्यात का? कारागीर तयार होता. मी नाही म्हटलं. ही गाडी रविवारी फिरणार, घाटात दगड वाहणार नाही. टॅपेट वेळोवेळी बघितले तर हेच लोखंड पुरेल. पाण्याच्या पोकळीजवळ बोअर मारून हेड फुटण्याचा धोका त्यापेक्षा मोठा वाटतो. दुसऱ्या कोणी उलट ठरवलं तर तेही बरोबरच.

आजच्या पेट्रोलची दुसरी भानगड म्हणजे इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातला ऊस गाळून झालेलं, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार! पण जुन्या रबरी नळ्या त्यात मऊ पडतात. नव्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या आहेत, याची इथे नोंद.

रविवार, १ डिसेंबर

सकाळी व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टने घासले. काठीच्या टोकाला रबरी वाटी, दोन तळहातांत फिरवायची. करडी, अखंड रिंग दिसली की थांबायचं. परत रॉकेल भरलं, चहा होईपर्यंत चारही चेंबर भरलेले राहिले.

ब्लॉकमधले स्टड काढून भोकांच्या तोंडाची कडा काउंटरसिंकने हलकेच उडवली. बुडात साठलेलं पाणी आणि गाळ चिंधीने टिपला. भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर स्टड बुडाला टेकत नाही आणि नटाचं माप खोटं लागतं. पॅकिंग कोरडी बसवली, गोंद नाही. हेडचे नट मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. बोलत बोलत आवळायचं हे काम नाही. अण्णासुद्धा गप्प होते.

टॅपेट पंधरा थाऊ. इथे नऊची रीत वापरतात. आठ व्हॉल्व्ह पुढून मोजायचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला दिसेल त्याचा नंबर नवातून वजा करायचा, जो नंबर उरेल त्याचा गॅप बघायचा. आठवा उघडा, पहिला तपासा. चौथा उघडा, पाचवा तपासा. या रीतीने खाणाखुणा शोधत बसावं लागत नाही.

संध्याकाळी सुरू केली. चारही! आवाज एकदम पातळ आणि सलग झाला. गल्लीतले लोक बाहेर आले, मामांना फोन लावून आवाज ऐकवला.

दहा मिनिटांनी, गरम झाल्यावर, आयडलिंगला परत बारीक अडखळ. वायरी काढून बघितल्या. एक आणि दोन काढले की इंजिन पडतं. तीन आणि चार काढले तर फरक पडतो, पण अर्धवट. जोडी बदलली आहे. हे वाईट नाही, जुना दोष गेला आणि त्याच्यामागे लपलेला दिसायला लागला.

रविवार, ८ डिसेंबर

तीन-चार ही जोडी फसवी. इनलेट पोर्ट त्यांचा एक, आणि कॅपमध्येही ती दोघं शेजारी. वहीतला तक्ता इथे निर्णय देत नाही. पण दोन्ही दोषांचा स्वभाव वेगळा असतो. कॅपमध्ये ठिणगी पळत असेल तर ती ओझ्याखाली पळते, कारण सिलिंडरमध्ये दाब वाढला की प्लगच्या फटीत उडी मारणं अवघड होतं आणि ठिणगी सोपी वाट शोधते. इनलेटमधून बाहेरची हवा येत असेल तर ती आयडलिंगला सगळ्यात जास्त त्रास देते. तेव्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून पोर्टांपर्यंतच्या नळीत, ओढ जास्त आणि मिश्रण थोडं असतं. रेस केली की त्या चोरट्या हवेचा हिस्सा नगण्य होतो. इथे रेस केल्यावर अडखळ साफ जाते. म्हणजे इनलेट.

मॅनिफोल्डच्या सांध्यावर पिचकारीने पाणी मारलं. बरेच जण पेट्रोल मारतात. तापलेला एक्झॉस्ट दोन बोटांवर असताना ते धाडस कशाला. मागच्या पोर्टाच्या खालच्या कडेला पाणी पडताच आवाज बदलला, पाणी आत ओढलं गेल्याची सुरसुरही आली.

या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच पॅकिंगवर. मधल्या नटांखाली जाड मोठे वॉशर असतात. एकच वॉशर अर्धा इनलेटच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसून दोघांना दाबतो. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असेल तोपर्यंत ठीक. मोजली, तर मागच्या बाजूला इनलेटची फ्लँज एक्झॉस्टपेक्षा बारा थाऊ पातळ. वॉशर एक्झॉस्टवर टेकतो आणि इनलेट नुसती दाबल्यासारखी दिसते. थंड असताना पॅकिंग सांभाळून घेते, गरम झाल्यावर नाही.

नट जास्त आवळणं हा उपाय नाही, त्याने वॉशर वाकडा होतो. वॉशरच्या एक्झॉस्टकडच्या अर्ध्या भागातून बारा थाऊ फाइलने उतरवले. निळा रंग लावून दोन्हीकडे सारखा टेकतो का ते बघत बघत, त्यात दुपार गेली. नवी पॅकिंग घातली.

गरम करून, पाणी मारून पाहिलं. आवाज हलत नाही. चारही वायरींना इंजिन सारखंच पडतं.

रविवार, १५ डिसेंबर

पन्हाळा. मामा पुढे बसलेले, अण्णा मागे, खिडकी उघडी. सपाटीला गाडी सुरेख. वाघबीळच्या पुढे चढ लागला, तिसऱ्यात टाकून पाय दाबला की एक गचका. परत सुरळीत. पाय सोडून दाबला की परत गचका.

"आता कुठलं मरतंय?" अण्णा मागून.

या वेळी कुठलंच एक नाही. सगळी गाडी क्षणभर विझते आणि पेटते. जोडी नाही, एकटा सिलिंडरही नाही, म्हणजे दोष चौघांच्या सामाईक रस्त्यावर: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, त्यांच्या बारीक वायरी, नाहीतर पेट्रोलचा पुरवठा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरते, असा झटका देत नाही. झटका विजेचा.

आणि तो नेमका पाय दाबताना किंवा सोडताना येतो. त्या क्षणी डिस्ट्रिब्युटरमध्ये एक गोष्ट हलते, ती म्हणजे व्हॅक्यूमने फिरणारी पॉइंटची प्लेट.

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाल्ली आणि बॉनेट उघडलं. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्ब्युरेटरकडून व्हॅक्यूमची नळी काढली आणि तोंडाने ओढली. प्लेट फिरली आणि इंजिन अडखळलं. सोडली, परत अडखळलं. मामांनी विचारलं, हा काय नळी पितोय का!

कॅप काढून बघितलं. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटकडे जाणारी लहानशी वायर वरून अखंड दिसते, पण एका जागी बोटांत नको इतकी मऊ लागते. आतले तार तुटलेत, कव्हर शाबूत आहे. प्लेट एका जागी असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात, हलली की सुटतात. प्लेटची नळी बंद केली, तिला बूच मारलं आणि तसेच खाली आलो. गचका नाही.

रविवार, २२ डिसेंबर

ती वायर बदलली. साधी वायर चालत नाही, पुष्कळ बारीक तारांची लवचिक हवी, नाहीतर वर्षभरात हलून हलून परत तुटते. टेस्टिंग लीडची वायर कापून घेतली, ती उत्तम. प्लेटला अर्थिंग देणारी विणलेली पट्टीही विरलेली होती, तीही नवी. व्हॅक्यूमची नळी जोडून तोंडाने ओढली, इंजिन उलट थोडं चढलं. तसंच व्हायला हवं.

हेडचे नट थंड इंजिनावर परत तपासले, मधले किंचित फिरले. त्यानंतर टॅपेट परत लावावेच लागतात; पाचवा तेरावर आला होता, पंधरा केला.

कॉम्प्रेशन: १३६, १३४, १३३, १३५.

राहिलेली कामं. वॉटर पंपातून थेंब पडतोय, बेअरिंगचाही आवाज आहे. मागच्या डाव्या ब्रेकला सिलिंडर किट. स्पीडोमीटरची केबल. पाचव्या व्हॉल्व्हचा गॅप पाचशे किलोमीटरनंतर बघायचा, तो कमी झाला तर सीटचा विषय परत उघडायचा. मामा गाडी कधी परत देतोस म्हणून विचारताहेत. वॉटर पंप झाल्यावर, असं सांगितलं आहे.